कुणाच्या नाकासमोर?

४ नोव्हेंबर

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र वहिनीच्या हातात देशील आणि म्हणशील, "तूच वाच, मला वेळ नाही." तर वहिनी, जरा मोठ्याने वाच. तो आतल्या खोलीत गेला असला तरी दाराशी कान लावून असणार.

फोन तू उचलत नाहीस. मेल केली तर तुझ्या नव्या कार्यालयातून आपोआप उत्तर येतं की साहेब समुद्रावर आहेत. दीड वर्ष माणूस समुद्रावरच असेल तर एव्हाना त्याला कल्ले फुटले असतील. शेवटी आई म्हणाली, "पत्र लिही. फोनसारखं ते मध्येच कापता येत नाही." म्हणून लिहितेय, माझी हौस समजू नकोस.

घरची हालहवाल सांगते. आईचा गुडघा उतरताना कुरकुरतो, चढताना नाही, म्हणून ती म्हणते की मला फक्त वर जायला सांगत जा. शिवणयंत्र तिने खिडकीशी घेतलंय. तुझ्या खोलीत मी माझी पुस्तकं टाकली आहेत, तक्रार असेल तर येऊन कर. कार्यालयातली तुझी खुर्ची रिकामी आहे, पण तिच्यावर कोणी बसत नाही, कारण ती अजून डावीकडे कलते.

तुझी बोट चालू आहे. आखलेल्या त्याच रेघांवरून खाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. पुढे टेहळणीला तुझ्या जागी तू तयार केलेला लंबू उभा राहतो. कासव दिसलं की किती दूर आणि किती अंशांवर ते ओरडून सांगतो, मागे बसलेला टिपून घेतो. बोट सावकाश जाते, म्हणून खालचं कासवही श्वासाला वर आलं की दिसतं. सगळं तुझ्या पद्धतीने, एक अक्षर बदललेलं नाही. मीही रेघा आखून ड्रोन उडवते आणि वरून फोटो काढते. आकडे अजूनही जुळत नाहीत.

मार्चमध्ये मंडळासमोर पुन्हा सुनावणी आहे. ही शेवटची. नियम तोच, खाडीत कासवं चारशेच्या वर असतील तर स्पीडबोटींवरची बंदी राहणार, खाली असतील तर उठणार. मागच्या सभेत तू म्हणालास नऊशे चाळीस, मी म्हणाले तीनशे दहा. खाडी एक, हिवाळा एक, आडनाव एक. अध्यक्षबाई चष्मा काढून म्हणाल्या, "एका घरातले दोन आकडे जुळत नाहीत, आम्ही कुणाचं ऐकायचं?" आणि सगळी सभा हसली. मग जिन्यात तू मला म्हणालास की तुझं यंत्र बुडी मारलेल्या कासवाला कासवच मानत नाही. मी म्हणाले की तू एकाच कासवाला तीनदा जन्माला घालतोस. पंधरा दिवसांत तू दुसऱ्या किनाऱ्यावरची नोकरी धरलीस.

मी तुझ्याविरुद्ध बोलले नव्हते, माझा आकडा बोलले होते. यात फरक आहे आणि तो तुला कळतो. तरीही तू गेलास.

असो. पत्र कामाचं नाही, सहज लिहिलं.

तुझी,
बारकी

ता. क. तिकडे तुम्ही कासवांच्या पाठीवर खोली मोजणारी यंत्रं लावलीत म्हणे? ती मोजणी कुणाला बघायला मिळते का? सहज विचारतेय.


२६ नोव्हेंबर

दादा,

उत्तर नाही. बरं. तुला फसवता येत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी प्रयत्न केला. मागच्या पत्रातला ताजा कलम हेच पत्र होतं, वरचं सगळं नुसतं वेष्टन होतं. आईचा गुडघा मात्र खरा आहे.

काय झालंय ते सांगते. धक्क्यावर, तिकीटखिडकीच्या बरोबर वर, स्पीडबोटवाल्यांच्या संघटनेने फलक लावलाय. त्यामागे त्यांचे ते अध्यक्ष, घरातही काळा चष्मा न काढणारे, आपण ज्यांना गॉगल म्हणायचो ते. फलकावर हातभर उंचीचे आकडे, "फक्त ३१०". खाली लिहिलंय, "सरकारी संशोधक स्वतः सांगतात." त्याखाली माझं नाव, पदवीसकट. रोज कामाला जाताना मला स्वतःच्या नावाखालून जावं लागतं. काल दूधवाल्याने विचारलं, "ताई, कासवं संपली का हो?" मला रडू आलं असतं, पण हातात दोन पिशव्या होत्या.

दादा, तो आकडा खोटा नाही. तेवढी कासवं मला खरंच दिसली. फोटो घे, मोज, तेवढीच भरतील. पण दिसली तेवढी म्हणजे असलेली तेवढी नव्हेत, हे मलाही कळतं. मी पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडली आणि वर ड्रोन धरला. दोन मीटरपर्यंत थाळी दिसते, पुढे गढूळ पाणी तिला गिळून टाकतं. म्हणजे त्याखाली गवत खात बसलेलं कासव माझ्या फोटोत येणारच नाही, माझा कॅमेरा कितीही महाग असो.

मला एकच गोष्ट हवी आहे. दिवसाउजेडी कासव आपल्या वेळातला किती वाटा वरच्या दोन मीटरात काढतं? ते इथे कुणाला माहीत नाही, कारण इथे कुणी मोजलेलं नाही. तुम्ही तिकडे मोजलंय. जात तीच, गवत तेच, खोलीही साधारण तेवढीच.

मोजणी आली आणि माझा आकडा चारशेच्या खालीच राहिला, तर तोच मी सभेत सांगेन, हे आधीच सांगून ठेवते. मग बंदी उठेल, बोटी फिरतील, पंख्यात कासवं कापली जातील आणि फलकावर पुन्हा माझंच नाव येईल. पण तुझ्या नऊशे चाळीसवर डोळे मिटून सही करणार नाही. विनवणी करतेय म्हणून वाकलेय असं समजू नकोस.

बारकी


१९ डिसेंबर

दादा,

पुडकं मिळालं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पेनड्राइव्ह, त्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर तुझ्या अक्षरात एकच शब्द, "खोली". चिठ्ठी शोधण्यासाठी आईने ते वर्तमानपत्र दोन्ही बाजूंनी वाचून काढलं. शेवटी म्हणाली, "एवढं तरी पाठवलं. बाप गेला तेव्हाही हा असाच, सगळं केलं आणि बोलला काही नाही." मग तो कागद नीट घडी करून तिने कपाटात ठेवला.

आभार मानले तर तू चिडशील म्हणून मानत नाही. हिशेब सांगते.

तुमच्या कासवांनी दिवसातला अर्ध्याहून थोडा जास्त वेळ वरच्या दोन मीटरात काढलाय. शंभरातले पंचावन्न भाग म्हण. म्हणजे मला दिसलेल्या पंचावन्नामागे पंचेचाळीस खाली दडलेली. माझे तीनशे दहा झाले पाचशे पासष्ट. प्रत्येक कासव सारखं नसतं, इथलं पाणी रोज सारखं नसतं, ते सगळं धरून पसारा येतो पावणेपाचशे ते पावणेसातशे. कुठूनही धर, चारशेच्या वरच.

मी खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारली. नाचले असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

पण अध्यक्षबाईंना दाखवलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "छान. म्हणजे आधी तुम्ही दोघं एकमेकांच्या तिप्पट होतात, आता पावणेदोनपट आहात. सुधारणा आहे. पण संघटनेचे अध्यक्ष उठून विचारतील की कालपर्यंत तीनशे दहा म्हणणाऱ्या बाई आज पाचशे पासष्ट कशा म्हणतात, तेव्हा बाजूला दुसरी एखादी साक्ष हवी. तुमच्या बंधूंच्या नऊशे चाळीसमुळे ती मिळत नाही, उलट हसू होतं."

खरं आहे त्यांचं. माझी चूक मला सापडली, आता तुझी शोधायची. तोंड वाकडं करू नकोस. माझी सापडली ती तुझ्याच कासवांच्या पाठीवर, मग तुझी मी शोधली तर फिट्टंफाट.

पुढच्या आठवड्यापासून बोटीवर जाणार आहे. हो, मीच. मला बोट लागते, ओकाऱ्या होतात, सगळं ठाऊक आहे. लंबूने आधीच बादली बाजूला काढून तिच्यावर खडूने माझं नाव लिहिलंय.

बारकी


११ जानेवारी

दादा, दादा, दादा,

बस खाली. वहिनी, त्याला बसव.

सापडलं.

आधी बोटीवरचं सांगते, नाहीतर तू म्हणशील बाई हवेत बोलते. तीन फेऱ्या मी बादलीला मिठी मारून काढल्या, त्यात मला आकाशही धड दिसलं नाही. चौथ्या फेरीला जीव जागेवर आला आणि मी लंबूच्या मागे उभी राहिले. त्याचं काम चोख आहे. कासव दिसलं की लगेच ओरडतो, "ऐंशी मीटर, उजवीकडे तीस." किंवा, "साठ मीटर, डावीकडे वीस." आणि निम्म्या वेळा, "पन्नास मीटर, नाकासमोर."

नाकासमोर म्हणजे शून्य अंश. म्हणजे कासव बरोबर आपल्या रेघेवर. तूच शिकवलेला शब्द, टिपणारा डोळे झाकून शून्य लिहितो. मला वाटलं, या खाडीतली कासवं फारच आज्ञाधारक दिसतात, नेमकी आपल्या रेघेवर येऊन बसतात. पण मळमळत असताना माणूस फार विचार करत नाही.

घरी आले. चहासाठी साखरेचा डबा शोधत होते. आई टेबलाशी बटणं निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "नाकासमोर तर आहे." मी समोर बघितलं, समोर चहापावडर. म्हटलं, "नाही आहे." तेव्हा तिने मान वळवली, फळीच्या पार डाव्या टोकाला असलेल्या डब्याकडे तोंड केलं आणि वैतागून म्हणाली, "अगं, हा काय नाकासमोर!"

तिच्या नाकासमोर होता, दादा. कारण तिने नाक तिकडे वळवलं होतं.

तिथेच मला लंबूची मान आठवली. तो सरळ बघत नाही. कासव दिसलं की मान तिकडे जाते, मानेबरोबर नाक जातं, आणि मग कासव त्याच्या नाकासमोर असतंच. ज्याच्याकडे तोंड करून बघतोस ते नाकासमोर नसेल तर कुठे असेल? तू शिकवलंस बोटीचं नाक, तो सांगतो स्वतःचं. कासव लांब बाजूला असलं तर त्याच्याही लक्षात येतं आणि तो अंश सांगतो. पण दहा-पंधरा अंशांपर्यंतची सगळी नाकासमोर जातात.

याने आकडा का फुगतो ते तुला सांगायला नको, पण वहिनी वाचतेय म्हणून सांगते. वहिनी, समज आईच्या हातून बटणांचा डबा सांडला. तू खोलीच्या मधोमध सरळ चालत गेलीस. पायाशी पडलेलं प्रत्येक बटण तुला दिसणार, लांबची थोडी निसटणार. किती निसटली हे आपण अंदाजाने काढतो, पायाशी मिळाली तितकीच दाट सगळीकडे असणार असं धरून. आता पायापासून हातभर लांबची बटणंही जर तू "पायाशीच मिळाली" म्हणून सांगितलीस, तर हिशेब करणाऱ्याला वाटेल, बापरे, पायाशी एवढी आणि लांब इतकी कमी, म्हणजे लांबची फारच निसटली. मग तो न दिसलेली बटणं भरमसाट वाढवून ठेवणार. तुझ्या नवऱ्याची शेकडो कासवं अशीच जन्माला आली आहेत.

आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आता कासवांचं खापरही माझ्यावर." मी म्हटलं, "तूच दादाला हा शब्द शिकवलास." त्यावर म्हणाली, "शब्द शिकवला होता, मान वळवायला नव्हती शिकवली." आणि परत बटणांकडे वळली, पण हसत होती, मला आरशात दिसलं.

मी आज फार खूश आहे. तू इथे असतास तर तुझ्या पाठीत गुद्दा घातला असता.

बारकी


२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं. दीड वर्षातलं पहिलं पत्र आणि तीन वाक्यांचं. "लंबूची चूक लंबूची. माझ्या वेळी टेहळणीला मी स्वतः उभा होतो. माझं नाक सरळ आहे."

आईने ते वाचून मला परत दिलं. दिलं ते घडी करून, दुसऱ्यांदा वाचल्यावर.

तुझं नाक सरळ असेल, मान नाही. पुरावा सोबत पाठवतेय. चित्रफीत तुझ्याच बोटीवरची आहे, तू गेलास त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली. बोटीचं टोक दिव्याच्या खांबाकडे आहे, तुझं तोंड खडकाकडे आहे आणि तू छाती फुगवून ओरडतोयस, "नाकासमोर!" हे कुणी काढलं आणि मला कुणी पाठवलं हे विचारू नकोस. एवढंच सांगते की वहिनी फार चांगली आहे आणि तू तिला लायक नाहीस.

आता हसून झालं असेल तर कामाचं.

नुसत्या चित्रफितीवर मी अवलंबून नाही. बाजारातून प्लॅस्टिकची काळी घमेली आणली, पालथी करून दगडांना बांधली आणि खाडीत आम्हाला माहीत असलेल्या जागी तरंगत ठेवली. लांबून अगदी कासवाची पाठ. खरी कासवं येऊन त्यांना हुंगून गेली म्हणे, लंबू सांगत होता, पण तो काहीही सांगतो. मग बोट त्याच रेघांवरून नेली. कोणतं कुठे ठेवलंय हे टेहळणाऱ्याला माहीत नाही. आधी जुन्या पद्धतीने ओरडायचं. मग पुढच्या फेरीत बोटीच्या टोकाला शाळेतल्या कोनमापकासारखी मोठी अर्धगोल फळी ठोकली, तिच्यावर फिरणारा काटा, काटा घमेल्याकडे वळवायचा आणि अंश वाचायचा. "नाकासमोर" म्हणायला बंदी. लंबू पहिला दिवस नुसता अडखळत होता, तोंड उघडायचा आणि मिटायचा.

निकाल असा की ज्या घमेल्यांना जुन्या पद्धतीत "नाकासमोर" म्हटलं गेलं, त्यातली थोडीच खरी शून्यावर होती. बाकीची दोन्ही बाजूंना पसरलेली, काही थेट पंधरा अंशांपर्यंत. कशी पसरतात ते मोजून काढलंय, सगळे कोन या पाकिटात आहेत.

यावरून तुझ्या जुन्या फेऱ्याही दुरुस्त करता येतात. जिथे जिथे तू शून्य सांगितलंस, तिथे ते शून्य याच प्रमाणात पसरून टाकायचं आणि हिशेब पुन्हा करायचा. मी करू शकते. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण मी करणार नाही, तू करायचंस.

कारण सांगते. मला माझा पाचशे पासष्ट माहीत आहे. मी तुझा हिशेब करायला बसले तर कुठेतरी हात माझ्या आकड्याकडे ओढला जाईल, मला कळणारही नाही. आणि गॉगल विचारतील तेव्हा मला छातीवर हात ठेवून सांगता आलं पाहिजे की दोन पद्धती एकमेकींचं तोंड न बघता आल्या. माझा आकडा तू डिसेंबरच्या पत्रात वाचला असशील. म्हणून मी नव्या हंगामाचे सगळे ड्रोनचे फोटो धरून माझाही हिशेब पुन्हा करणार आहे, तो तुला कळवणार नाही. तूही नवीन हंगामाचाच कर, लंबूच्या फेऱ्यांची टिपणं यात घातली आहेत. तुझ्या जुन्या फेऱ्यांचा नंतर केलास तरी चालेल.

तू आकडा पाकिटात घालून आईच्या नावाने पाठव. मी माझा पाकिटात घालून आईकडे देईन. ती दोन्ही एकदम उघडेल. जुळले नाहीत तर सुनावणीत मी उभी राहून सांगेन की आम्हाला माहीत नाही, आणि मग जे होईल ते होईल.

भीती वाटते का, असं आई तुला विचारायला सांगतेय. मला वाटते.

बारकी


१ मार्च

दादा,

तुझं पाकीट आलं तेव्हा मी कार्यालयात होते. आईने फोन करून सांगितलं, "आलंय." मी म्हटलं उघडू नकोस. ती म्हणाली, "मी काय लहान आहे?" घरी आले तर दोन्ही पाकिटं टेबलावर, मधे कात्री, आणि आई नवी साडी नेसून बसलेली. म्हटलं, नवी साडी का? म्हणाली, "सगळे निकाल मी असेच ऐकलेत, तुमच्या शाळेचे पण."

तिने आधी माझं कापलं. चष्मा वर-खाली केला आणि वाचलं, "पाचशे ऐंशी." मग तुझं. ते तिने उघडलं, वाचलं आणि छातीशी धरलं. मला दाखवेना. मी म्हटलं, "आई, माझा जीव जाईल." तेव्हा म्हणाली, "सहाशे पाच."

मी कागद तिच्या हातातून घेऊन आकडा स्वतः बघितला. नंतर उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

आई बाहेरून विचारत होती, "पंचविसाने चुकलात. हे चांगलं की वाईट?" मी म्हटलं, "आई, पंचवीस म्हणजे काहीच नाही." ती म्हणाली, "पंचवीस कासवं म्हणजे काहीच नाही? घरात आणून ठेव मग." मी तिला कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. माझा पसारा इथून तिथे, तुझा इथून तिथे, तुझा थोडा लांबट, पण एकमेकांवर बसलेले. दोन्हींतला फरक काढला तर त्याचाही पसारा येतो, आणि शून्य त्या पसाऱ्याच्या पोटातच येतं. म्हणजे या दोन आकड्यांना वेगळं म्हणायला जागा नाही. तिने दोन्ही रेघांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी दीड वर्ष?"

तुझ्या पाकिटात आकड्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं मी सगळ्यात शेवटी वाचलं. "जुन्या फेऱ्यांचाही करून बघितला. सहाशे वीस येतात. फीत बघितली. मान माझीच."

ते मी आईला वाचून दाखवलं नाही. तिने स्वतःच आधी वाचलं होतं.

चूक अर्धी तुझी, अर्धी माझी, असं ठरवून टाकूया. तू मोठा आहेस म्हणून मोठा अर्धा तुझा.

बारकी


१५ मार्च

दादा,

जिंकलो.

हे वहिनीला फोनवर आईकडून कळलं असणारच, पण माझ्याकडून नीट ऐक, कारण आई सांगताना मला प्रत्येक वेळी थोडी उंच करते.

तेच सभागृह, त्याच खडखडणाऱ्या खुर्च्या, तोच मधेच बंद पडणारा पंखा. गॉगल पहिल्या रांगेत, गॉगलसकट. फलकाचा फोटो मोठा करून आणलेला. ते उठले आणि म्हणाले, "बाईंनी स्वतः या मंडळापुढे तीनशे दहा सांगितले होते. आज बाई दुप्पट सांगतात. उद्या किती सांगतील?" लोक हसले. मागच्या वेळीही हसले होते, पण या वेळी मीही हसले.

मी म्हटलं, "तेव्हा मी पाण्यावरची मोजली होती, खालची राहिली. साहेब, तुम्हीही बुडी मारलीत तर वरून दिसणार नाही, म्हणून तुम्ही नाही आहात असं होत नाही."

"आणि तुमच्या भावाचे नऊशे चाळीस?"

"त्यांचं नाक आडवं आलं."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "म्हणजे?" मग मी बोटीच्या टोकाची ती कोनमापकाची फळी पिशवीतून काढली, तिचं शून्य सभेकडे करून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, "जरा खिडकीकडे बघा. आता खिडकी कुठे आहे?" त्या म्हणाल्या, "समोर." "आता फळीवरचा काटा खिडकीकडे वळवा आणि वाचा." त्यांनी वाचलं आणि सावकाश म्हणाल्या, "चाळीस अंश, उजवीकडे." दादा, तू बघायला हवं होतंस. सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळलेल्या होत्या. गॉगलांचीसुद्धा.

मग तुझा हिशेब आणि माझा हिशेब, दोन्ही भिंतीवर लावले. दोन पद्धती, एक पाण्यावरून, एक आकाशातून. दोन्हींच्या खोडी वेगळ्या, एकीची कासवं कमी पडायची, दुसरीची फुगायची. दोन माणसं, वेगवेगळ्या किनाऱ्यांवर बसून, एकमेकांशी न बोलता. हे शेवटचं सांगताना मी मुद्दाम पंख्याकडे बघत होते.

अध्यक्षबाईंनी एकच प्रश्न विचारला. "मला मधला आकडा नको. वाईटात वाईट धरलं तर किती?"

मी म्हटलं, "दोन्ही पद्धतींनी वाईटात वाईट धरलं तरी साडेचारशेच्या वर."

"आणि तुमच्या बंधूंना हे मान्य आहे?"

तुझं पत्र पिशवीत होतं. आकडा, सही, आणि खाली "मान माझीच". मी ते तसंच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, आणि या वेळी कुणाला हसू दिलं नाही. म्हणाल्या, "एका घरातले दोन आकडे जुळले. मंडळाला आणखी काही ऐकायचं नाही." बंदी कायम. नुसती कायम नाही, आता खाडीच्या तोंडापर्यंत वाढवली आहे. लंबू मागच्या रांगेतून बाकावर उभा राहिला आणि त्याचं डोकं पंख्याला लागता लागता वाचलं.

बाहेर पडताना गॉगल चष्मा काढून माझ्याजवळ आले. पहिल्यांदा त्यांचे डोळे बघितले, साधेच आहेत, थोडे थकलेले. म्हणाले, "फलक उद्या उतरवतो. पण खरं सांगा बाई, नेमकी किती आहेत?" मी म्हटलं, "नेमकी कासवांनाच माहीत. मला एवढंच माहीत आहे की मी किती चुकू शकते." त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही, पण त्यांनी हात जोडले आणि मीही जोडले.

घरी येताना धक्क्यावरून आले. पाणी शांत होतं. एक पाठ वर आली, श्वास घेतला आणि गेली. मी मोजली नाही, नुसती उभी राहिले. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

आता तुझ्या फोनबद्दल. काल तू आईला म्हणालास की पुढच्या शनिवारी येतो, चार दिवस, वहिनीला घेऊन. आईने फोन ठेवला आणि सरळ तुझ्या खोलीत जाऊन माझी पुस्तकं बाहेर काढायला लागली. गुडघा विसरली. तू माझ्याशी बोलला नाहीस, बोलायला लाजलास, हे मला कळलं, म्हणून मीही फोन मागितला नाही. दोघंही एकाच मुशीतले.

खुर्ची मी दुरुस्त करून घेतलेली नाही. डावीकडे कललेलीच ठेवली आहे.

एक लक्षात ठेव. तू गेल्यानंतर रस्ता बदललाय, बसथांबा वळणापलीकडे नेलाय. आई फोनवर तुला सांगेल, "उतरलास की घर नाकासमोरच आहे." तिचं ऐकू नकोस. बसमधून उतर, बसचं तोंड जिकडे असेल तिकडे सरळ बघ, आणि मग वीस अंश डावीकडे. कुंपणाशी एक बाई हात हलवत उभी असेल.

ती मी. आणि एकदाच मोज.

बारकी